विचारून या

थोरली जून २०१३ मध्ये पहिलीत गेली आणि धाकटा एप्रिल २०२१ मध्ये चौथीतून बाहेर पडला. या मधल्या काळात सांगलीतल्या आमच्या घरात प्राथमिक शाळेचं काही ना काही सतत चालू असायचं. आषाढीची दिंडी झाली की राख्या, राख्या झाल्या की पोळ्याचे मातीचे बैल, मग शाडूचा गणपती, भोंडला, पंधरा ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, बालदिन, स्नेहसंमेलन आणि या सगळ्यांच्या मधूनमधून प्रकल्प. त्यातल्या बहुतेक वस्तू आता राहिल्या नाहीत. बैलांची शिंगं आधी मोडली, मग पाय. कडधान्यं चिकटवून केलेल्या मोराला पावसाळ्यात पोरकिडे लागले. पण मुलांच्या अंगात काय मुरलं आणि काय नुसतंच येऊन गेलं, हे आता नीट दिसतं. दोघांनाही मी अधूनमधून विचारते, तुम्हाला प्राथमिकमधलं काय आठवतं? त्यांची उत्तरं माझ्या अपेक्षेपेक्षा फार वेगळी निघाली.

माझ्या वेळी शाळेत कार्यानुभवाचा तास असे. कागदकाम, मातीकाम, कधी काथ्याची पायपुसणी. निकाल मात्र परीक्षेवर. आमच्या मुलांच्या पिढीत हे बदललं, त्याचं कारण शिक्षण हक्क कायदा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला महाराष्ट्र शासनाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय काढला. पहिली-दुसरीला शंभरातले सत्तर गुण आकारिक मूल्यमापनाचे, तिसरी-चौथीला साठ. म्हणजे वर्षभर वर्गात मूल काय बोलतं, काय करून दाखवतं, काय गोळा करतं याचे गुण लेखी परीक्षेपेक्षा जास्त. तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प ही सगळी त्याची साधनं. सात-आठ वर्षांच्या मुलाला तीन तास बाकावर बसवून त्याची हुशारी मोजण्यापेक्षा हा विचार कितीतरी चांगला होता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

मात्र शासन निर्णय घराच्या दारात पोचेपर्यंत त्याचं रूप बदललं. शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात ‘आपले मदतनीस’, ‘वाहतुकीची साधने’, ‘राष्ट्रीय नेते’ असे छापील तक्ते टांगलेले असायचे. पुढे रंगीत चित्रं, मागे माहिती. चित्रं कापायची, कार्डशीटवर चिकटवायची, मागची माहिती सुवाच्य अक्षरात उतरवायची आणि कडेला चमकी लावायची. प्रकल्प तयार. पहिली-दुसरीत थोरलीने असे बरेच केले. ती मन लावून कापायची आणि चिकटवायची, हाताला वळण लागलं, कात्री सरळ चालायला लागली. तो फायदा खराच. पण ‘आपले मदतनीस’मध्ये टपालवाला, सुतार, कुंभार चिकटवूनही आमच्या गल्लीत टपाल आणणारे काका कुठून येतात, किती वाजता निघतात, पावसात पत्रं कशी सांभाळतात, यातलं काहीच तिला कळलं नव्हतं. आता विचारलं तर त्या तक्त्यांपैकी एकही तिला आठवत नाही.

दुसरीतला बाजार मात्र तिला जसाच्या तसा आठवतो. शाळेच्या पटांगणात मुलांनी मांडलेला आनंद बाजार. कोणी मेथीच्या जुड्या, कोणी लिंबू सरबत, कोणी तासगावकडचे बेदाणे. आमच्या लेकीने सांगलीला शोभेल असं भडंग विकायला नेलं. चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, कढीपत्ता, तिखट, मेतकूट असा सगळा हिशोब तिने पाठकोऱ्या कागदावर लिहिला आणि पाच रुपयांची पुडी ठरवली. सगळ्या पुड्या संपल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात नफा काढायचा होता. तिने उभं राहून बाईंना विचारलं, भडंग आजीने परतलं, तिचे पैसे धरायचे का? बाईंनी तो प्रश्न सगळ्या वर्गाला घातला. मग मुलांनी आपापल्या घरी जाऊन विचारलं की हे काम तुम्ही बाहेर केलं असतं तर किती मजुरी मिळाली असती. बाईंनी हिशोबाच्या तक्त्यात ‘श्रम’ असा एक नवा रकाना पाडला आणि निम्म्या मुलांचा नफा तोट्यात गेला. घरातल्या बायकांच्या कामाची किंमत यापेक्षा स्वच्छपणे मांडलेली मी कुठे पाहिलेली नाही, आणि ती मांडली दुसरीतल्या मुलांनी.

तिसरीला बालभारतीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याचं असतं. आमच्या मुलांच्या हातात सांगली जिल्ह्याचं आलं. ही महाराष्ट्राच्या प्राथमिक शिक्षणातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. आठ वर्षांच्या मुलाला आधी आपली नदी, आपला तालुका, आपली पिकं कळावीत आणि मग देश, जग, ही त्यामागची दृष्टी आहे. तिसरीच्या बाईंनी हे पुस्तक खऱ्या अर्थाने वापरलं. त्यांच्या प्रकल्पांत चित्रं कापायची नसत. फळ्यावर विषय लिहून खाली त्या दोनच शब्द लिहीत: विचारून या. काय विचारायचं ते मुलांनी वर्गात बसून ठरवायचं, कोणाला विचारायचं ते घरच्यांच्या मदतीने.

विषय होता ‘आपल्या भागातील कारागीर’. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. सांगलीहून शहर बसने सहज जाता येतं, आणि तरीही मी स्वतः त्या गल्लीत तोवर पाऊल टाकलं नव्हतं. दुकानांच्या पुढे, माळ्यांवर, छताला वाळलेले भोपळे टांगलेले. थोरलीच्या वहीतला पहिलाच प्रश्न भोपळ्याचा होता. तिथल्या कारागीर चाचांनी तिला जवळ बसवून घेतलं आणि सांगितलं की हा भाजीचा भोपळा नव्हे, हा कडू, जाड सालीचा. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. वाळवायचा, भिजवायचा, कापायचा, आतल्या बिया आणि गर काढून टाकायचा, मग तुनाच्या लाकडाची दांडी जोडायची. त्यांनी तिला जवारी काढताना दाखवली. घोडीवर कानस अगदी हलकी फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. किती घासायचं हे कुठे लिहिलेलं नाही, कान सांगतो तेवढं. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकरांनी मिरजेत हे काम सुरू केलं, त्याआधी ही मंडळी शिकलगार, म्हणजे हत्यारं बनवणारी आणि त्यांना धार लावणारी होती, हेही तिला तिथेच समजलं. तलवारीला धार लावणारे हात सतारीकडे कसे वळले, हा तिचा त्या वर्षातला सर्वांत मोठा प्रश्न होता. राजे गेले, लढाया थांबल्या, मग हत्यारं कोण घेणार, असं उत्तर चाचांनी दिलं. इतिहासाचा एवढा मोठा धडा एका वाक्यात.

निघताना चाचा म्हणाले, पूर्वीसारखे भोपळे आता मिळत नाहीत, शेतकरी दुसरी पिकं घेतो. हे वाक्य तिने वहीत शेवटी लिहिलं. मार्च २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली तेव्हा ती अकरावीत होती. बातमी वाचून तिचा पहिला प्रश्न होता, आता भोपळे लावणाऱ्यांनाही काही मिळेल का? तिसरीतल्या एका प्रकल्पाने तिला हे दिलं. कोणत्याही वस्तूकडे पाहताना तिच्या मागच्या माणसापर्यंत जायची तिला सवय लागली.

थोरलीच्या तिसरीच्या वर्षाअखेरीस, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. कृष्णेचं पाणी जवळपास साडेतीनशे किलोमीटरवर तहानलेल्या शहराला निघालं होतं. परीक्षा संपत आल्या होत्या, तरी बाईंनी मुलांकडून एक काम करून घेतलं. घरात आठवडाभर किती बादल्या पाणी लागतं याची नोंद करायची आणि लातूरला कोणी नातेवाईक असेल तर त्याला फोन करून तिथे किती मिळतं हे विचारायचं. दहा लिटरची बादली धरली तर एका वाघिणीत पाच हजार बादल्या. हे गणित मुलांनी फळ्यावर सोडवलं. वर्गातल्या एका मुलीची मावशी लातूरची. तिच्याकडे नळाला पाणी येऊन बरेच दिवस झाले होते. मुलगी ते सांगत असताना वर्गात कोणी बोललं नाही, असं थोरली सांगते. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी नळ वाहता राहिला तर ती धावत जाऊन बंद करायची. पाणी वाचवा असे तक्ते तिने आधीही रंगवले होते. त्यांनी हे झालं नव्हतं.

चौथीचं वर्ष शिवछत्रपतींचं. दिवाळीत किल्ला, वर्गात प्रतापगडाचा प्रसंग, पोवाडे. त्यात मुलं इतकी रमतात की आईबापांनी फक्त माती आणून द्यावी. शिवाय चौथीत हस्तलिखित निघालं. मराठी शाळांची ही जुनी परंपरा अजून काही ठिकाणी टिकून आहे. वर्गाचा एकच अंक, एकच प्रत, मुलांच्या अक्षरात. मुखपृष्ठ कोणी काढायचं यावरून भांडणं, शुद्धलेखन तपासायला दोघं जण, अनुक्रमणिका करायला एक. छापील मासिकाच्या मागे किती हात असतात हे त्या एका प्रतीतून कळतं. स्नेहसंमेलनात पालकांना ते चाळायला मिळालं आणि पुन्हा शाळेच्या कपाटात गेलं. ज्या शाळेत हे बंद पडलं असेल तिथे ते पुन्हा सुरू व्हावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्यात खर्च जवळजवळ नाही आणि वर्गातलं प्रत्येक मूल कामाला लागतं.

धाकटा पहिलीत असताना, २३ मार्च २०१८ ला, राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोल बंदीची अधिसूचना निघाली. प्राथमिक शाळांच्या प्रदर्शनांवर तिचा झालेला परिणाम कोणी फारसा नोंदवलेला नाही. तोवर इग्लूपासून रायगडापर्यंत सगळं थर्माकोलचं असे. ते कापायला गरम तार किंवा धारदार पाती लागे, म्हणून काम मोठ्यांच्या हातात जाई. पुढच्या वर्षी पुठ्ठा, माती, कागदाचा लगदा, काड्या आल्या आणि हे सगळं मुलांना स्वतः करता येण्यासारखं होतं. मॉडेल थोडी वाकडी झाली, पण ती मुलांची होती.

दुसरीत त्याच्या सरांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन आकार करायला शिकवलं. हे अरविंद गुप्तांचं देणं. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेला हा माणूस, ‘मॅचस्टिक मॉडेल्स’ हे त्यांचं पुस्तक १९८६ चं. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं मुलांसाठी टाकाऊ वस्तूंतून खेळणी घडवली. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन कलंडतो. एवढं समजल्यावर धाकटा आणखी ट्यूब आणायला कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात गेला. दुकानदारांनी विचारलं, कशाला रे? त्याने सांगितलं. तेव्हा त्यांनी उलटी टांगलेली सायकल दाखवून तिच्या सांगाड्यातले त्रिकोण त्याला मोजायला लावले. सरांनी शिकवलेलं दुकानात पूर्ण झालं. साध्या वस्तूंतून शिकवणं महाराष्ट्राला नवीनही नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि पुढे अनुताई वाघांना घेऊन कोसबाडला काम केलं, तेव्हा शंख, शिंपले, पानं, बिया हीच त्यांची शैक्षणिक साधनं होती. महागड्या वस्तूंची मुलाला गरज नाही, हे आपल्याकडे इतक्या आधी करून दाखवलेलं आहे.

मग ऑगस्ट २०१९. सांगलीकरांना तो महिना वेगळा सांगावा लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट. पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. शाळा बंद होत्या, काही शाळांत माणसं राहायला आली होती. ब्रह्मनाळला बोट उलटून लोक गेले. आमच्या घरात पाणी आलं नाही, पण दोन गल्ल्या पलीकडे छातीइतकं होतं. शाळा पुन्हा भरली तेव्हा धाकट्याच्या वर्गातल्या कितीतरी मुलांची दप्तरं, वह्या, गणवेश गेलेले होते. धाकटाही तिसरीत होता आणि त्याला त्याच बाई होत्या. त्यांनी मुलांना दोन कामं दिली. भिंतीवर पुराच्या पाण्याची जी रेघ उमटली आहे ती जमिनीपासून किती उंच आहे हे टेपने मोजून आणायचं. आणि त्या घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचं, पाणी यायला लागलं तेव्हा सगळ्यांत आधी कोणती वस्तू उचललीत?

मुलांनी आणलेली उत्तरं बाईंनी एका लांब कागदावर लिहिली. तो कागद मी पालक सभेला गेले तेव्हा भिंतीवर होता. रेशनकार्ड. गॅसची टाकी. देव. शिलाई मशीन. सातबाऱ्याची पिशवी. बाळाचं दूध. म्हैस सोडली. एका घरी आजोबांनी तंबोरा. एका आईने उत्तर दिलं होतं, काही नाही, सासूबाईंना उचललं. शेजारच्या रकान्यात फूट आणि इंच. वर्गातल्या ज्या मुलाचं घर नदीच्या सर्वांत जवळ, ज्याची आई चार घरची धुणीभांडी करते, त्याच्या नोंदी सर्वांत नेमक्या होत्या. प्रदर्शनांत मागे उभा राहणारा तो मुलगा त्या दिवशी वर्गाला समजावून सांगत होता की पाणी आधी गटारातून येतं, नदीकडून नंतर. त्या कागदाला बक्षीस नव्हतं आणि प्रदर्शनही नव्हतं. माझ्या मते या आठ वर्षांत मी पाहिलेला तो सर्वोत्तम प्रकल्प.

त्याच निमित्ताने धाकट्याने आजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, २००५ च्या पुराबद्दल विचारलं. त्यांचं माहेर हरिपूरचं, कृष्णा-वारणेच्या संगमाचं. तिथली हळदीची पेवं, जमिनीत खोल खणलेली, अरुंद तोंडाची, ज्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, त्या पुरात कितीतरी निकामी झाली. आजी हे सगळं सांगत असताना मीही पहिल्यांदाच ऐकत होते. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही कोणी त्यांना ते विचारलं नव्हतं.

धाकट्याची चौथी मोबाइलवर झाली. मार्च २०२० मध्ये बंद झालेली शाळा त्याच्या प्राथमिकच्या शेवटापर्यंत उघडलीच नाही. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं शासनाने म्हटलं आणि शिक्षकांनी जीव तोडून ते निभावलं. सकाळी गटावर सूचना, संध्याकाळी केलेल्या कामाचे फोटो. प्रकल्प होत होते, पण मुलं एकमेकांचे प्रकल्प हातात घेत नव्हती, विचारत नव्हती. हस्तलिखित निघालं नाही. पुराच्या रेघा मोजणाऱ्या त्या मुलाच्या घरी फोन एकच आणि तो दिवसभर आईजवळ. त्याचं वर्ष गेलं म्हटलं तरी चालेल. डिसेंबर २०२१ मध्ये लहान वर्गांच्या शाळा उघडल्या तेव्हा ही मुलं पाचवीत गेलेली होती.

बाहेर जाऊन विचारायचे प्रकल्प शिक्षकांना सोपे नसतात, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे. चाळीस मुलांचे तक्ते पाहून गुण देता येतात. चाळीस मुलांनी काय ऐकून आणलं ते ऐकायला चार दिवस लागतात, आणि वर नोंदवह्या, माहिती भरणं, सर्वेक्षणं ही कामं आहेतच. तरी आमच्या दोन्ही मुलांना जे आठवतं ते सगळं याच प्रकारातलं आहे. भडंगाचा हिशोब, मिरजेचे चाचा, लातूरची मावशी, सायकल दुकान, पुराचा कागद. त्यातल्या एकालाही स्टेशनरीच्या दुकानातून काही आणावं लागलं नव्हतं.

ज्यांची मुलं आता पहिली ते चौथीत आहेत त्यांना माझं सांगणं एवढंच. येत्या पालक सभेत शाळेकडे मागणी करा की वर्षातला निदान एक प्रकल्प घराबाहेरच्या एखाद्या माणसाशी बोलून करायचा असावा. मुलाला त्या माणसाकडे घेऊन जा आणि प्रश्न त्याला विचारू द्या. आणि प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मुलाच्या नावाखाली त्या माणसाचंही नाव लिहायला सांगा.